दोघं भेटतात कुठे? गावाकडच्या प्रेमपटात कोण दिसतं आणि कोण नाही

गावाकडच्या प्रेमपटाची संहिता हातात आली की आधी दोघांच्या भेटीची जागा शोधावी. मुलगी तिथे एकटी कशी पोहोचली, घरी काय सांगून निघाली, त्या वेळी मुलाचं तिथे काय काम होतं, आणि कोणी पाहिलंच तर जाब कोणाला विचारला जाईल? एवढ्या प्रश्नांची उत्तरं कागदावर असली की लेखकाला गाव माहीत आहे हे कळतं. चित्रपटात किती जातींची, किती धर्मांची, कशा शरीरांची माणसं आहेत याची मोजदाद कोणीही करील. पण खेड्यात जात आधी जागेत दिसते. आळी, वस्ती, पाणवठा, बांध, देवळाची पायरी, स्मशान, सगळं वाटलेलं असतं. दोन माणसं एकमेकांच्या समोर येणं हीच तिथे मोठी घटना असते, आणि कथेतली माणसं खरी की नुसती मांडून ठेवलेली, हे त्या भेटीतच उघड होतं.

काम सुरू करताना मोठा कागद घ्यावा आणि गाव काढावं. वेस, मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायत, शाळा, पाण्याची टाकी, एसटीचा थांबा, दूध संकलन केंद्र, पाटलाचा वाडा, मधल्या आळ्या, गावकुसाबाहेरची वस्ती, ओढा, पाणंद, आणि जिरायत कुठे, बागायत कुठे. अनेक गावांत स्मशानंही वेगवेगळी असतात, तीही काढावीत. मग प्रत्येक पात्राला एक रंग द्यावा आणि पहाटे सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा या चार वेळांना ते पात्र कुठे असू शकतं ते रंगवावं. दोन रंग जिथे एकावर एक येतात तेवढ्याच जागा भेटीसाठी खऱ्या. बहुतेक संहितांमध्ये अशा जागा दोन-तीनच निघतात, आणि लेखकानं रंगवलेले सात-आठ प्रसंग भलत्याच ठिकाणी घडत असतात. चित्रीकरणाच्या वेळी मग ते सगळे प्रसंग एखाद्या देखण्या झाडाखाली उरकले जातात.

वेळेचा हिशेब जागेइतकाच नेटका हवा. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की तरणा पोरगा बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रानात जातो, त्याच्या रात्री बाहेर असण्याला कोणी हरकत घेत नाही. मुलीला तसं निमित्त मिळत नाही. तिला मिळतो तो कॉलेजच्या एसटीचा प्रवास, शिवणक्लास, दुपारी रानात भाकरी पोचवणं आणि जत्रा. मार्च २०२३पासून महाराष्ट्रात एसटीचं तिकीट बायकांना निम्म्या दरात मिळतं. आजच्या काळातली गोष्ट असेल तर नायिकेच्या तालुक्याला जाण्यायेण्यात हा फरक दिसायला हवा. उलट पाण्याला जाताना विहिरीवर झालेली भेट आज दाखवायची तर त्या गावात नळ का नाही याचं उत्तर तयार ठेवावं. घराघरात नळ पोचलेल्या गावात डोक्यावर घागरी घेऊन चाललेल्या मुली दिसल्या की तिथला प्रेक्षक लगेच सुटतो.

या कसोटीवर मराठीतले काही चित्रपट फार चांगले उतरतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) तर भेट जवळपास नाहीच. कैकाडी कुटुंबातला जब्या शालूकडे लांबून बघतो, तिच्याशी बोलणं त्याला अखेरपर्यंत जमत नाही. काळी चिमणी पकडून तिची राख शालूवर टाकली की ती आपल्यावर भाळेल, ही त्याची सगळी योजना. प्रेमकथा म्हणून यात काहीच घडत नाही असं वाटू शकतं, पण न घडणं हेच तिथे अचूक आहे. दोघांचे रंग नकाशावर फक्त शाळेच्या वर्गात एकत्र येतात, आणि तिथेही मध्ये बाकांच्या रांगा आहेत. जत्रेत नाचायला निघालेल्या जब्याच्या डोक्यावर गॅसबत्ती येते. उजेडात सगळे नाचणार आणि हा उजेड धरून उभा राहणार. शेवटी शालू त्याला जवळून बघते तेव्हा तो घरच्यांसोबत डुक्कर धरत असतो. ‘फँड्री’ या शब्दाचा कैकाडी भाषेतला अर्थही डुक्कर असाच आहे. मेलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकरांची चित्रं दिसतात. तिथे कोणी संवाद म्हणत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

‘सैराट’मध्ये (२०१६) बघण्याची दिशाच उलटी आहे. वर्गात आर्ची परश्याकडे टक लावून बघते आणि नजर खाली घालण्याची वेळ परश्यावर येते. विहिरीत पोरं पोहत असताना ती तिथे येते, त्यांना बाहेर काढते. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. त्या वर्षी या मुलीच्या धीटपणाचं फार कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण हा धीटपणा कुठून आला हे चित्रपट विसरत नाही, आपण मात्र विसरतो. आर्ची पाटलाची मुलगी आहे. विहीर, ट्रॅक्टर, रान घरचं आहे, कॉलेजही वडिलांच्या वजनाखाली आहे. त्या गावात खालच्या मानलेल्या जातीतली मुलगी पाटलाच्या मुलाकडे भर वर्गात अशी बघू शकली नसती. नकाशावर आर्चीचा रंग जवळजवळ सगळीकडे आहे, मासेमारी करणाऱ्या घरातल्या परश्याचा धरणाच्या पाण्यावर, होडीवर आणि वस्तीत. मध्यंतरानंतर दोघं हैदराबादला पोचतात तेव्हा तिचा तो रंग एका रात्रीत पुसला जातो. भाषा परकी, खोली झोपडपट्टीतली, काम कारखान्यातलं. नातं तिथे डगमगतं ते स्वभावामुळे कमी आणि जागा गेल्यामुळे जास्त. हा उत्तरार्ध लांबला असं म्हणणारे बरेच भेटतात. माझ्या मते चित्रपटाचं निम्मं वजन तिथेच आहे.

तरी एक गोष्ट सलते. परश्याचे दोन मित्र, सलीम आणि प्रदीप, एक मुसलमान आणि एक पायानं अधू. प्रदीपला गावात ‘लंगड्या’ म्हणतात. तानाजी गलगुंडे आणि अरबाज शेख यांनी ही कामं इतकी जिवंत केली की पूर्वार्ध त्यांच्याशिवाय आठवत नाही. पळून जाण्याचा खर्च, धोका आणि मार यात दोघांचा वाटा आहे. पण उत्तरार्ध सुरू होतो आणि ते जवळपास निघून जातात. मराठी प्रेमपटात वेगळ्या माणसाला जागा मिळते ती बहुतेक वेळा मित्राचीच, आणि मित्राचं काम नायकाच्या प्रेमाला खांदा देणं. व्यंगावरून पडलेलं नाव गावात चालतं, म्हणून ते संवादात ठेवायला हरकत नाही. पण त्या पात्राला स्वतःचं काम, स्वतःची कमाई, स्वतःची इच्छा द्यावी. कागदावर तपासायचं असेल तर त्या पात्राचे नायकाशिवायचे प्रसंग मोजावेत. एकही निघाला नाही तर ते पात्र अजून लिहायचं राहिलं आहे.

जागा बदलली की गोष्ट कशी बदलते हे ‘सैराट’च्या २०१८च्या हिंदी रूपात दिसतं. गोष्ट उदयपूरला गेली. तलाव, हवेल्या, राजकीय घराणं आलं, पण मुलाच्या घरातलं दैन्य आणि मुलीच्या घरापासूनचं त्याचं अंतर पुसट झालं. दोघांमधला फरक हॉटेलवाला आणि राजघराणं असा वरवरचा उरला. विहीर, उसाचं रान आणि धरणाचं पाणी काढून घेतल्यावर त्यांच्या भेटीतली धास्तीही निघून गेली. मूळ चित्रपट करमाळा तालुक्यात आणि उजनी धरणाच्या पाण्याच्या काठावर चित्रित झाला, आणि रिंकू राजगुरू त्याच भागातल्या अकलूजची. तिच्या तोंडी आलेली भाषा शिकवून आलेली नाही.

उसाच्या फडाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण गावाकडच्या प्रेमपटाची ही सगळ्यात लाडकी जागा आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. लागणीच्या वेळेवरून उसाचे तीन प्रकार. ‘सुरू’ ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावतात आणि तो बारा महिन्यांत तोडणीला येतो. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, चौदा-पंधरा महिन्यांचा. आडसाली जुलै-ऑगस्टचा, सोळा-अठरा महिन्यांचा. माणूस लपेल एवढी उंची ‘सुरू’ उसाला पावसाळा सरताना येते, मे महिन्यात तो लपायच्या कामाचा नसतो. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, त्यामुळे चित्रीकरण दहा दिवस पुढे गेलं तर फड तुटून गेलेला असतो आणि अर्धा प्रसंग वेगळ्याच रानात करावा लागतो. शेतमालकाशी बोलताना तोडणीची तारीख विचारूनच वेळापत्रक बांधावं. एक-दोन गुंठे राखून ठेवायला सांगायचे तर त्याचे पैसे वेगळे द्यावेत. आणि उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते, अंगाला कूस, म्हणजे उसावरची बारीक टोचरी लव, लागते. उघड्या दंडांनी कोणी फडातून हसत-खेळत धावत नाही. ऊस तोडणाऱ्या बायका लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि तोंडाला फडकं बांधतात ते यासाठीच.

आणि तो ऊस तोडणारे कुठे आहेत? बीडसारख्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला येतात. फडाशेजारी पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभारतात. त्यांच्या बोलीत ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपं, आणि एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, म्हणून पोरांची लग्नं लवकर उरकण्याकडे कल असतो. दोघांचं एकत्र येणं हा जिथे मजुरीचा हिशेब आहे तिथे प्रेम कसं दिसत असेल? या विषयावर पडद्यावरची मोठी प्रेमकथा अजून व्हायची आहे. सध्या हे लोक गाण्याच्या मागे बैलगाडी हाकताना दिसतात, तेही धूसर.

लिंगभावाच्या बाबतीत दोन चित्रपट शेजारी ठेवून बघावेत. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’मध्ये (२००९) देवीला वाहून जोगता केलेला तायप्पा आणि तशीच देवीला वाहिलेली जोगतीण सुली यांचं प्रेम आहे. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेचा त्याला आधार. देवीच्या नावानं एका पुरुषाला लुगडं नेसवलं जातं आणि त्याच्या शरीराची, कामाची, लग्नाची वाट बंद होते. हा अन्याय उपेंद्र लिमये यांनी अंगभर दाखवला आणि त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र ज्यांना स्त्रीपण आतूनच हवं असतं अशा जोगत्यांची गोष्ट त्यात मध्यभागी येत नाही. तायप्पाची सुटका म्हणजे लुगडं फेडून पुरुष होणं. जे लुगडं फेडू इच्छित नाहीत त्यांच्या प्रेमाचं काय, हा प्रश्न त्या चित्रपटाबाहेर उभा आहे. यल्लम्मा देवीच्या गर्दीत अशी माणसं खरी असतात, त्यांना नुसतं गर्दीत उभं करणं पुरेसं नाही.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळतो, आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. इथे भेटीचा हिशेब मला फार पटतो. मुलगा-मुलगी रानात एकत्र दिसली तर गाव पेटतं, दोन पुरुष एकत्र शेरडं राखताना, पाण्यावर जाताना, अंगणात शेजारी झोपताना दिसले तर कोणी मान वर करत नाही. त्यांना जागा मिळते, पण त्या जागेत जे आहे त्याला नाव देता येत नाही. आणि घरात सतत पाहुणे, सतत एकच विषय: लग्न कधी? सुतकाचे नियम, अनवाणी राहणं, जेवणाची बंधनं, सगळ्यांच्या नजरेखाली बसून राहणं, हे चित्रपटाच्या लयीतच उतरलं आहे. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा घाई करत नाही. आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूनं आहे. गावाकडची, कमी शिकलेली आई म्हणजे अडथळा, असं गृहीत धरणाऱ्यांनी हे पात्र नीट बघावं.

भाषेकडे येऊ. ‘ग्रामीण मराठी’ नावाची एकच बोली अस्तित्वात नाही. ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘ग्वाड’, ‘त्वांड’ हे चार शब्द पेरले आणि ‘ण’चा ‘न’ केला की गाव झालं, ही नाटकांतून आलेली सवय आहे. सोलापूरकडे ‘गेलता’, ‘आलता’ ऐकू येतं, वऱ्हाडात ‘काहून’ आणि ‘जाऊन राह्यलो’. कोल्हापूर भागात बायका-मुलीही सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, आणि पुण्या-मुंबईचा संवादलेखक तिथे ‘आले’, ‘जाते’ अशी दुरुस्ती करून बसतो. शिवाय एका गावातही सगळे एकसारखे बोलत नाहीत. कैकाडी घरात बोलली जाणारी भाषा तमिळच्या कुळातली आहे, वडारांची तेलुगूच्या जवळची, लमाण तांड्यावर गोरमाटी चालते, आणि गावातल्या मुसलमान घरात आत दखनी, बाहेर गावची मराठी. पात्र दार ओलांडताना भाषा बदलतं. एवढा एक बदल ऐकवला तरी दहा संवादांचं काम होतं. संवाद आधी प्रमाण मराठीत लिहून नंतर ‘गावठी’ करू नयेत. त्या गावच्या दोन-तीन वेगवेगळ्या आळ्यांतल्या माणसांना प्रसंग सांगावा, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं आणि त्यावरून लिहावं. एकाच घरातून भाषा उचलली तर सगळं गाव त्या घरासारखं बोलायला लागतं.

आडनाव ठेवताना तशीच काळजी हवी. काळे, पवार, माने, जाधव, चव्हाण ही आडनावं अनेक जातींत आहेत. म्हणून गावात आडनाव ऐकून कोणाचं समाधान होत नाही, पुढचा प्रश्न येतोच: कुठले काळे? पाव्हणं कुठलं? मामाकडचं आडनाव काय? ही विचारपूस पाणी पाजता पाजता, हसतमुखानं होते. एवढा प्रसंग नीट लिहिला तर जातीवर वेगळं भाषण लिहावं लागत नाही. पात्राला आडनावच न देणं किंवा असं आडनाव देणं की ज्यावरून काहीच कळू नये, ही पळवाट आहे, आणि गावचा प्रेक्षक ती लगेच ओळखतो.

कलाकार निवडताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोऱ्या, नावाजलेल्या चेहऱ्याला तपकिरी रंग फासून वस्तीत बसवणं. उन्हानं रापलेलं अंग एकसारखं रापत नाही. मान, कान, कोपरापासून खालचे हात आणि टोपीच्या खालची कपाळाची रेघ, प्रत्येकाचा रंग निराळा असतो. रंगभूषेनं हे साधत नाही आणि पहिल्याच घामात ओघळतं. ‘फँड्री’तला सोमनाथ अवघडे केम गावचा, अभिनय न शिकलेला. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा मुलांबरोबर काम करायचं तर निदान सहा ते आठ आठवडे आधी एकत्र राहावं. पहिले दोन आठवडे कॅमेरा बाहेरच काढू नये. संवाद पाठ करून घेण्याऐवजी प्रसंग सांगून त्यांना स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावं, नाहीतर शाळेतल्या कवितेसारखा हेल लागतो आणि तो नंतर जात नाही.

१४ वर्षांखालील मुलं असतील तर २०१७चे बालकामगार नियम बघावेच लागतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि कमाईच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. प्रेमप्रसंगात कोवळ्या वयाची मुलं असतील तर स्पर्शाचा प्रत्येक तपशील आधी ठरलेला असावा, पालक समोर असावेत आणि ऐनवेळी काहीही वाढवू नये.

गर्दी कशी बोलावता यावरही बरंच ठरतं. निर्मितीवाले सरपंचांना भेटतात, सरपंच दोनशे माणसं पाठवतात, आणि ती सगळी त्यांच्याच भावकीतली निघतात. मग जत्रेच्या प्रसंगात अख्खं गाव म्हणून एकच आळी दिसते. वस्तीवर, तांड्यावर, मोहल्ल्यात स्वतः जाऊन बोलवावं. बचत गटाच्या बायका आणि शाळेचे शिक्षक यात फार मदत करतात. मजुरी सगळ्यांना सारखी, त्याच संध्याकाळी आणि थेट हातात किंवा खात्यावर द्यावी. मध्यस्थामार्फत दिली की वाटपात पुन्हा तीच उतरंड येते. हलगी वाजवणारेही खरेच बोलवावेत. हलगीचं चामडं वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणावं लागतं, दमट हवेत ते पुन्हा पुन्हा ढिलं पडतं. नर्तकांच्या हातात सजावटीला दिलेली हलगी पडद्यावर अर्ध्या क्षणात उघडी पडते, आणि ज्यांची ती कला आहे त्यांची मजुरीही जाते.

उजेडाचं गणित वेगळं. पांढरा सदरा आणि सावळा चेहरा यांत सहज तीन स्टॉपचं (स्टॉप म्हणजे कॅमेऱ्यासाठी उजेड मोजायचं माप) अंतर पडतं. कॅमेरामननं कपडा सांभाळला तर चेहरा काळ्या ठिपक्यात जातो, आणि हे नेहमी त्याच पात्रांच्या वाट्याला येतं ज्यांचे चेहरे आधीच कमी दाखवले गेलेत. मोजमाप सगळ्यात गडद चेहऱ्यावर घ्यावं, सदरे चहाच्या पाण्यात बुडवून मळवून घ्यावेत, सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर मुख्य प्रसंग करावेत, आणि भर उन्हात डोक्यावर पातळ कापड ताणून खालून उजेड परतवावा. आवाज जागेवरच धरता आला तर उत्तम. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला धनगरांच्या जगण्यातला आवाज जागेवर टिपल्याबद्दल ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मेंढरांच्या कळपात बोलणारा माणूस ज्या पट्टीत बोलतो ती मुंबईतल्या डबिंगच्या खोलीत लागत नाही.

पळून जाऊन लग्न करण्याच्या प्रसंगात कायदा बहुधा चुकतो. दोघंही हिंदू असतील, जात वेगळी असली तरी, १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न करून त्याची नोंद करता येते, महिनाभर आधी नोटीस द्यावी लागत नाही. धर्म वेगळे असतील आणि कोणालाही धर्म बदलायचा नसेल तर वाट उरते १९५४च्या विशेष विवाह कायद्याची. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेलं असायला हवं. मग विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते, आणि हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं. त्यानंतर तीन साक्षीदार. दोघांपैकी कोणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या कार्यालयातही जाते. म्हणजे पळून आलेल्या जोडप्याची बातमी सरकारी टपालानं गावाजवळ पोचू शकते. हिंदू-मुसलमान जोडप्याची गोष्ट लिहिताना या साठ दिवसांत खोली कोण देतं, भाडं कुठून येतं, मुलीच्या ओळखपत्रावरचा पत्ता कोणाला दिसतो, हे ठरवलं की निम्मा चित्रपट आपोआप उभा राहतो. असे चित्रपट मात्र एका हारात आणि एका सहीत लग्न उरकतात.

‘साबर बोंडं’कडे परत जातो, कारण त्यातल्या फळाबद्दल सांगायचं राहिलं. निवडुंगाची बोंडं उघड्या हातानं तोडता येत नाहीत. मोठा काटा दिसतो तरी, बारीक काट्यांचे झुपके मात्र दिसत नाहीत. बोटात गेले की दोन दिवस सलतात, ओठाला लागले तर आणखी वाईट. काठीनं किंवा चिमट्यानं बोंड खाली पाडायचं, वाळूत नाहीतर गवतावर घोळवायचं किंवा जाळावर फिरवून काटे जाळायचे, मग दोन्ही टोकं कापून साल सोलायची. आतला गर लालभडक, खाल्ला की जीभ आणि बोटं रंगतात. रानातला माणूस शहरातून आलेल्या मित्रासाठी हे सगळं करून सोललेलं फळ त्याच्या हातावर ठेवतो. हा प्रसंग लिहायचा तर काटे काढण्याचा वेळ कापू नये.